‘रियलाइज’ : कळणे आणि खरे करणे



इंग्रजी साहित्याचे मराठी भाषांतर करताना एक क्रियापद जवळजवळ प्रत्येक पानावर भेटते. ते म्हणजे ‘रियलाइज’. सोपा शब्द समजून मी त्याचे भाषांतर बरेच दिवस ‘लक्षात येणे’ किंवा ‘जाणीव होणे’ असे करत होतो. एकदा अशाच एका पाठाचा मसुदा उतई येथील साप्ताहिक स्वाध्यायात वाचून दाखवला. ऐकलेले सत्य स्वतःच्या जीवनात ‘रियलाइज’ करावे, असा मूळ वाक्याचा आशय होता. मी लिहिले होते, ‘ऐकलेले सत्य लक्षात घ्यावे.’ वाचन संपल्यावर एक आजी म्हणाल्या, “बेटा, लक्षात तर चाळीस वर्षांपासून आहे. पुढे करायचं काय, ते कुठे लिहिलं आहेस?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन शब्दकोश उघडला, तेव्हा चूक समजली. या पाठात त्या एका शब्दाचाच अभ्यास करू.

१. एक शब्द, दोन अर्थ

‘रियलाइज’चा आज सर्वाधिक वापरला जाणारा अर्थ ‘कळणे’ हा आहे. स्टेशनवर पोहोचल्यावर गाडी सुटल्याचे कळले, तर इंग्रजीत हाच शब्द येतो. यात आपल्याला काही करावे लागत नाही. गोष्ट आधीच घडलेली असते, ती फक्त ध्यानात येते.

दुसरा अर्थ ‘प्रत्यक्षात आणणे, साकार करणे’ असा आहे. आपल्या भागातले उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना कागदावर होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, तेव्हा ती योजना ‘रियलाइज’ झाली. या दोन तारखांच्या मध्ये चार वर्षांचे कष्ट आहेत. करार समजून घेतल्याने पोलाद तयार झाले नाही. दल्ली-राजहराच्या खाणींतील दगड भट्टीत वितळवावा लागला.

२. शब्दाचे मूळ

यातला कोणता अर्थ आधीचा? आपल्याला वाटेल की ‘कळणे’. प्रत्यक्षात उलट आहे. लॅटिन भाषेत ‘रेस’ म्हणजे वस्तू. त्यापासून ‘रिअल’, म्हणजे वस्तुरूप, खरे. त्याला ‘करणे’ या अर्थाचा प्रत्यय लागून फ्रेंचमार्गे ‘रियलाइज’ हे क्रियापद सतराव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजीत आले. त्याचा सरळ अर्थ ‘खरे करणे’ असा होता.

‘मनात स्पष्ट उमगणे’ हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागला. त्यातही मूळ कल्पना ‘मनापुढे खरे करणे’ अशीच होती. पुढे वापरून वापरून त्यातले ‘करणे’ झिजले आणि नुसते ‘कळणे’ उरले.

साधकाच्या बाबतीतही अनेकदा असेच होते. आरंभी उत्साहाने करायला घेतलेली गोष्ट हळूहळू फक्त माहीत असलेली गोष्ट होऊन बसते.

३. हिशेबाच्या वहीतला अर्थ

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे या शब्दाचा आणखी एक वापर मला माहीत होता, पण साधनेशी तो जोडावा असे सुचले नव्हते. भागीदारी संस्था बंद होते तेव्हा ‘रियलायझेशन अकाउंट’ उघडतात. आमच्या हिंदी पुस्तकात त्याला ‘वसूली खाता’ म्हणतात. येथे ‘रियलाइज’ म्हणजे मालमत्तेचे रोख रकमेत रूपांतर करणे. हा अर्थही ‘खरे करणे’ यातूनच आला आहे.

समजा, एका यंत्राची वहीतील किंमत ५०,००० रुपये आहे. संस्था बंद करताना ते विकले आणि ३०,००० रुपये हाती आले. म्हणजे २०,००० रुपयांचा तोटा झाला, आणि तो भागीदारांनी वाटून घ्यायचा. वहीत काय लिहिले होते, याला आता महत्त्व नाही. काही रकमा तर फक्त नावापुरत्या मालमत्तेच्या बाजूला असतात, उदाहरणार्थ साठलेला तोटा. त्यांना काल्पनिक मालमत्ता म्हणतात. त्या विकून काहीच मिळणार नसते, म्हणून वसुली खात्यात त्यांना जागाच दिली जात नाही. त्या थेट भागीदारांच्या भांडवलातून वजा होतात.

आता आपली वही तपासू. किती ग्रंथ वाचले, किती शिबिरे केली, किती वचने पाठ आहेत, ही झाली पुस्तकी किंमत. घरात कोणी टाकून बोलले, तेव्हा त्यातले किती उपयोगी पडले, ही झाली वसुली. ‘मला सगळे माहीत आहे’ हा अहंकार म्हणजे काल्पनिक मालमत्ता. वहीत तो जमेच्या बाजूला दिसतो, पण शेवटी आपले भांडवलच कमी करतो.

४. आपल्या भाषेतील शब्द

मराठीत या एका इंग्रजी शब्दासाठी अनेक शब्द आहेत, आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

साक्षात्कार : ‘साक्षात्’ म्हणजे डोळ्यांसमोर, आणि ‘कार’ म्हणजे करणे. साक्षी हा शब्दही त्याच कुळातला. बोलण्यात साक्षात्कार म्हणजे अचानक घडलेला चमत्कार असे आपण समजतो. पण शब्दातच ‘करणे’ आहे.

प्रचिती : स्वतः अनुभवून आलेली खात्री. समर्थ रामदासांनी दासबोधात ऐकीव ज्ञानापेक्षा प्रचितीला मोठे मानले आहे.

वसूल : हा शब्द अरबीतून आला. तेथे ‘वुसूल’ म्हणजे पोहोचणे. सूफी संत परमेश्वराशी होणाऱ्या मीलनाला ‘वस्ल’ म्हणतात, तो शब्दही याच धातूचा. वसुली खात्यातल्या रूक्ष शब्दात ‘पोहोचणे’ दडलेले आहे, हे वाचून मला फार आनंद झाला.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. संतांच्या ईश्वरसाक्षात्कारासाठी त्यांनी ‘रियलायझेशन’ हाच शब्द घेतला. तेथे तो ‘कळणे’ या अर्थाने वाचला, तर संतांचे सारे जीवन एका माहितीएवढे लहान होईल.

५. स्वामी विवेकानंदांचे उदाहरण

स्वामी विवेकानंदांनी २९ ऑक्टोबर १८९६ रोजी लंडनमध्ये कठोपनिषदाच्या आधारे व्याख्यान दिले. ते ‘ज्ञानयोग’ या ग्रंथात आहे आणि त्याचे शीर्षकच ‘रियलायझेशन’ आहे. वादविवाद आणि ग्रंथपांडित्य म्हणजे धर्म नव्हे, धर्माचा अनुभव घ्यावा लागतो, ही त्यांची शिकवण.

या शिकवणीचा एक धागा आपल्या छत्तीसगडशी जुळतो. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र कुटुंबासह रायपूरला यायला निघाला. रेल्वे नागपूरपर्यंतच होती, पुढचा प्रवास बैलगाडीने झाला. वाटेत डोंगराच्या कपारीत त्याला प्रचंड मोठे मधाचे पोळे दिसले. ते पाहून ईश्वराच्या विचारात तो इतका बुडाला की काही काळ बाह्य भान हरपले, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. सृष्टीमागे ईश्वर आहे हे त्याने त्याआधी ऐकलेच असेल. त्या दिवशी ते ऐकलेले समोर उभे राहिले.

६. आपला अभ्यास

भाषांतरासाठी मी आता एक नियम केला आहे. ‘रियलाइज’ दिसले की आधी विचारायचे : येथे काही कळले आहे, की काही खरे करायचे आहे? पहिले असेल तर ‘उमगले’. दुसरे असेल तर ‘आचरणात उतरवा’, ‘अनुभवा’, ‘साक्षात्कार करून घ्या’.

हाच प्रश्न आपण सर्वांनी स्वतःला विचारावा. या आठवड्यात रोज रात्री वहीच्या एका पानावर दोन रकाने आखावेत. डावीकडे ‘आज काय कळले’, उजवीकडे ‘आज काय उतरले’. उजवा रकाना रिकामा राहिला तर खोटी नोंद करू नये आणि निराशही होऊ नये. तोटा खरा लिहिला, तरच हिशेब पुढे सरकतो. दुसऱ्या दिवशी डावीकडची एकच लहान गोष्ट निवडून ती उजवीकडे नेण्याचा प्रयत्न करावा.

चिंतनासाठी प्रश्न :
(१) मला अनेक वर्षांपासून ‘लक्षात असलेली’, पण आचरणात न आलेली एक गोष्ट कोणती?
(२) माझ्या वहीतील काल्पनिक मालमत्ता कोणती?

पुढच्या स्वाध्यायात दुरुस्त केलेले वाक्य मी आजींना वाचून दाखवले : ‘ऐकलेले सत्य स्वतःच्या जीवनात खरे करून दाखवावे.’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आता जड झालं बघ.” मला वाटते, भाषांतर आता बरोबर झाले.