डोळ्यात गेलेला कण आणि वाया गेलेले तीन दिवस

इचलकरंजीच्या हवेतील धूळ एका जातीची नसते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून विस्तारत गेलेल्या या गावात सुताचे तूस तर उडतेच. शिवाय ताण्याचा धागा मागावर तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला चढवलेली खळ, म्हणजे स्टार्चचा लेप, घासली जाऊन तिची भुकटी हवेत मिसळते. सायझिंगच्या बॉयलरचा धूर, रस्त्यावरची माती आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून व पेटवलेल्या पाचटातून येणारी काजळी यांची भर त्यात पडते.

या सगळ्यापासून डोळ्याचे रक्षण करणारे कवच अतिशय पातळ असते. स्वच्छमंडल, म्हणजे बुबुळावरील काचेसारखा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्यावर श्लेष्मा, पाणी व स्निग्ध पदार्थ यांनी बनलेले अश्रुपटल पसरलेले असते. पापणी मिटली की हे पटल नव्याने पसरते व बारीक धूळ वाहून जाते. परंतु तुटलेला धागा शोधण्यासाठी मागावर नजर खिळली की पापण्या कमी वेळा मिटतात, पटल जागोजागी सुकते आणि डोळे चुरचुरू लागतात. धुरातील सूक्ष्म कण हीच आग वाढवतात.

चुरचुर सोसता येते, पण रुतलेला कण सोसत बसण्याजोगा नसतो, हे प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या चुकीतून उमगले. पाळी संपताना कॉम्प्रेसरच्या हवेने माग साफ करीत असता त्याच्या उजव्या डोळ्यात काहीतरी गेले. त्याने ते बाहीने चोळले, घरी पदराच्या बोळ्यात फुंकर घालून डोळा शेकून घेतला आणि शेजारच्या घरातली उरलेली थेंबांची बाटली वापरली. मजुरी मीटरवर मिळत असल्याने माग बंद ठेवणे परवडत नव्हते, आणि थेंबांनी लाली ओसरल्यामुळे डोळा बरा होत असल्याचा समज झाला. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी वरची पापणी उलटून तिच्या आतून सरकीच्या टरफलाचा तीळभर तुकडा काढला. प्रत्येक उघडझापीसरशी त्या तुकड्याने बुबुळ खरवडले होते, त्या जखमेत बुरशीचा संसर्ग शिरला होता आणि थेंबांत स्टेरॉइड होते. स्टेरॉइड दाह व लाली दडपते, पण त्याबरोबर संसर्गाशी झुंजण्याची डोळ्याची ताकदही घटवते. उपचार कित्येक आठवडे चालले. जखम भरली, पण तिचा वण राहिला, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या डोळ्याला आजही विस्कटलेला दिसतो.

वेळेला किती मोल आहे, हे नेपाळमधील भक्तपूर येथील, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. तेथे बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांना प्रतिजैविक मलम देण्यात आले. १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही, तर २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना तो झाला. जखम तीच, मलमही तेच. फरक पडला तो एका रात्रीने.

म्हणून डोळ्यात कण गेला तर चोळू नये. हात धुऊन, स्वच्छ पाण्याची सावकाश धार सोडत पापण्यांची उघडझाप करावी. कण निघाला नाही तर काडी, रुमालाचे टोक किंवा जीभ यांनी तो काढू पाहू नये, आणि मध, दूध, गुलाबपाणी घालू नये. धुतल्यावरही खुपत राहिले, उजेड सहन होईना, पाणी थांबेना किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बुबुळाला रंग देऊन निळ्या प्रकाशात पाहिले की खरचटलेली जागा हिरवी चमकते, त्यामुळे निदानाला वेळ लागत नाही. दुसऱ्याचे थेंब कधीही वापरू नयेत. तंबाखूचा चुना किंवा कॉस्टिक डोळ्यात उडाल्यास मात्र आधी किमान अर्धा तास पाण्याने डोळा धुवावा आणि मग लगेच रुग्णालय गाठावे.

कण जाऊच नये यासाठी माग झाडताना बाजू झाकणारा चष्मा वापरावा, कॉम्प्रेसरची हवा अंगावरच्या कपड्यांवर मारू नये, दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवावी आणि कामात अधूनमधून ठरवून पापण्या मिटाव्यात. ऊसतोडीतही चष्मा तितकाच गरजेचा आहे, कारण पात्याच्या ओरखड्यातून बुरशी सहज शिरते.

यातील बहुतेक गोष्टी कामगाराला स्वतः करता येतात; परंतु दवाखान्यासाठी सोडलेल्या अर्ध्या पाळीची मजुरी बुडणार नाही, एवढी हमी मालकाने दिली पाहिजे. ती हमी त्या दिवशी असती, तर प्रस्तुत लेखकाने तीन दिवस वाट पाहिली नसती.