शिगेचे माप

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून नोकरी पुरी करून रत्नागिरीच्या खालच्या आळीतील वडिलोपार्जित घरात स्थिरावल्यावर, आता आपल्या हातून कोणाचे नुकसान होण्याचा संभव उरला नाही, असा जो माझा समज होता, तो माझ्या पहिल्या नातवाने जन्मापासून पाच आठवड्यांच्या आत खोटा ठरविला. कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती; आषाढातला पाऊस कौलांवर अहोरात्र कोसळत होता; आणि त्या आवाजावरही मात करील असे रुदन आमच्या माजघरात दिवेलागणीस सुरू होऊन मध्यरात्र उलटेपर्यंत चाले. मूल पाय पोटाशी घेई, चेहरा लालबुंद करी, पोट हाताला ढोलकीसारखे ताठ लागे, आणि खांद्यावर घ्यावे तो फुटलेल्या दुधाची आंबूस गुळणी माझ्या सदऱ्यावर पडे.

‘आईचे दूध पुरत नाही,’ असा निकाल आमच्या मंडळींनी दिला, शेजारच्या काकूंनी तो अपिलात कायम केला, आणि अंमलबजावणी साहजिकच माझ्याकडे आली. मी दुधाच्या भुकटीचा डबा आणला. 1992 च्या कायद्यान्वये अशा डब्यावर आईचे दूधच सर्वोत्तम असल्याचे छापावे लागते आणि गुटगुटीत बाळाचे चित्र छापण्यास मनाई असते, हे मला ठाऊक होते. तो मजकूर मी मंडळींना मोठ्याने वाचूनही दाखविला, आणि सरकारी इशाऱ्यांचे जे बहुधा होते तेच त्याचे केले. खालचे मापाचे कोष्टक मात्र वाचले नाही. चमचा काठोकाठ सपाट करून घ्यायचा असतो. पण खंडी-मणांच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला नातवासाठी शीग न ठेवता माप भरणे हा कृपणपणा वाटला. प्रत्येक चमचा मी शिगेचा भरला. त्यावर कडी म्हणजे, पोराला बाटली ओढताना कष्ट पडतात अशी कणव येऊन, एका रात्री मी दाभण दिव्यावर तापविले आणि रबरी निपलाचे भोक मोठे केले. जळलेल्या रबराचा तो वास अजून नाकात आहे.

उपचारांची कसूर अर्थातच नव्हती. बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला, सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, जायफळ उगाळून गुटी झाली, मीठमोहऱ्यांनी दृष्ट निघाली, आणि शेवटी ग्राइप वॉटरही आले. नॉटिंगहॅमच्या वुडवर्ड नामक औषधविक्रेत्याने 1851 साली बनविलेल्या या पाण्यात मुळात बाळंतशोपांच्या तेलाबरोबर मद्यार्कही असे, हे पुढे वाचनात आले, तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांची बाळे ते घेऊन इतकी शांत का झोपत, याचा थोडासा उलगडा झाला.

कशानेच गुण येईना, तेव्हा दवाखाना गाठला. बालरोगतज्ज्ञ बाईंनी प्रथम बाळाला तराजूत ठेवले. जन्माचे वजन 2.9 किलो, त्या दिवशीचे 4.6, म्हणजे दिवसाकाठी जवळजवळ पन्नास ग्रॅमची भर, जिथे पंचवीस-तीस पुरेशी मानतात. मग त्यांनी विचारले, ‘‘दिवसातून किती वेळा पाजता?’’ वही ठेवण्याची जन्माची खोड. मी ती पुढे केली. अंगावर अकरा वेळा, वर नव्वद मिलिलिटरच्या सहा बाटल्या. बाई किंचित हसल्या. ‘‘आजोबा, आईचे दूध मुळीच न मिळणाऱ्या बाळालाही किलोमागे दीडशे मिलिलिटर धरतात, म्हणजे याला सातशेच्या आतच. तुमच्या बाटल्यांचेच पाचशे चाळीस झाले, आईचे वेगळे.’’

त्यांनी सांगितलेली कारणमीमांसा अशी. मोठ्या भोकातून दूध धो-धो येते. पोट भरल्याची जाणीव होण्यापूर्वीच पोट भरून जाते, घाईत हवाही गिळली जाते, मूल कळवळते, आपण पुन्हा बाटली लावतो, आणि चोखल्याने त्याला घटकाभर बरे वाटत असल्याने आपले निदान बरोबर ठरल्याचा दाखला मिळतो. शिगेच्या चमच्याने दूध घट्ट होऊन आतडी आणि मूत्रपिंडे यांवर जो ताण पडतो, तो निराळाच. (भुकटी वाचविण्यासाठी पाणी वाढविणेही तितकेच घातक.) शिवाय बाळ जितके कमी ओढील तितके आईचे दूध आटते, म्हणजे नसलेला तुटवडा आम्हीच निर्माण करीत होतो.

ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे त्यांनी रडण्याआधीच्या खुणा ओळखाव्यात: मान वळवून तोंड उघडणे, मूठ चोखणे ही भूक, वळलेल्या मुठी सैल पडणे, तोंड फिरविणे ही तृप्ती, आणि तोंड फिरविल्यावर बाटलीत उरलेले दूध सरळ ओतून टाकावे, कितीही जीव हळहळला तरी. पाजताना मध्येच थांबून ढेकर काढावी, नंतर काही वेळ उभे धरावे, झोपविताना मात्र उताणेच. दिवसातून सहा-आठ दुपटी ओली होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. सहा महिने पाणीदेखील नको, गुटी नकोच, आणि मध तर वर्षापर्यंत बोटाला लावूनही नको. सायंकाळचे रडे पुष्कळशा निरोगी बाळांत सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचून तीन-चार महिन्यांत ओसरते. उलटी हिरवी झाली, पिचकारीसारखी उडू लागली, शौचात रक्त दिसले, ताप आला किंवा पोट दगडासारखे झाले, तर मात्र रात्र-पाऊस न पाहता दवाखाना गाठावा.

वरचे दूध बाईंच्या सल्ल्याने आठवडाभरात बेताबेताने सुटले. मंडळींचा विश्वास बसायला अधिक काळ लागला. मी ओटीवर फेऱ्या घालीत असता त्या दाराशी उभ्या राहून ‘अहो, उपाशी आहे तो’ असे अधूनमधून पुटपुटत. वहीत त्या दिवसांतली एक नोंद आहे: ‘रात्रौ 3.10, रडला. दूध दिले नाही. खांद्यावर घेतला. 3.20, मोठी ढेकर. 3.30, निजला.’ खाली मंडळींच्या अक्षरात एकच शब्द आहे: ‘पाहिले.’