निर्णय नेरळलाच घ्यावा

दस्तुरी नाक्याच्या दीड किलोमीटर अलीकडे गाड्यांची रांग थांबली, तेव्हा अकरा वाजले होते. नाताळनंतरचा शनिवार होता. पुढच्या गाडीत आणि आमच्या गाडीत हातभर अंतर, मागेही तेवढंच. चढ इतका उभा, की ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी मागे सरकायची. दर दोन-तीन मिनिटांनी रांग गाडीभर पुढे जायची आणि पुन्हा थांबायची. साडेअकराच्या सुमारास क्लचचा जळका वास आत शिरला. मागच्या सीटवर आई काच खाली करून पदराने वारा घेत होती. ती तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती, आणि तिच्यासाठीच मी गाडी वर आणली होती.

माथेरानच्या गावात मोटारींना बंदी आहे. नेरळहून आठ-नऊ किलोमीटरचा घाट चढला की दस्तुरी नाका लागतो. वाहनतळ तिथेच. तिथून बाजारपेठेपर्यंतचं अडीच-तीन किलोमीटरचं अंतर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनावरून सुटणाऱ्या शटल गाडीने कापायचं. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत, पण मोजक्याच. हे सगळं मला ठाऊक होतं. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा गाडी नेता येईल तितकी जवळ न्यायची, एवढाच हिशेब मी केला होता. हॉटेलची खोली महिनाभर आधी ठरवली, मुलांसाठी डबे भरून घेतले, आईची औषधं दोनदा मोजली. गाडी कुठे ठेवायची, हे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिलं.

नेरळला चहासाठी थांबलो, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका टॅक्सीवाल्याने आपणहून सांगितलं होतं, “ताई, आज वर जागा नाही मिळायची. सकाळपासून गाड्या चढतायत. खालीच ठेवा आणि टॅक्सीनं जा. आजी बरोबर आहेत, त्यांचे हाल होतील.” मला वाटलं, हा आपल्या भाड्यासाठी बोलतोय. मी हसून नाही म्हटलं आणि किल्ली फिरवली. रोज पाच-सहा वेळा तो घाट चढणाऱ्या माणसाने दिलेला तो सल्ला होता आणि त्याची किंमत मला तासाभरातच कळली.

पुढे वाहनतळ भरल्याचा निरोप गाडीगाडीने खाली आला. परत फिरायलाही जागा नव्हती. लोक मिळेल तिथे कडेला गाड्या लावू लागले. एका वळणाच्या आत थोडी मोकळी जागा दिसली. डावी चाकं गटाराच्या काठावर चढवून मी गाडी तिथे लावली. माझ्या मागे आणखी चार गाड्या तशाच लागल्या. मग आम्ही सामान उचललं आणि चालू लागलो. दीड किलोमीटर, सगळा चढ, डोक्यावर ऊन, आणि शेजारून धूर सोडत सरकणाऱ्या गाड्या. आई चार वेळा कठड्यावर बसली. तक्रार तिने एकदाही केली नाही. अमन लॉजला पोहोचलो तर शटलच्या तिकिटासाठी लांब रांग. पहिली गाडी भरून गेली, दुसरीत जागा मिळाली. खोलीत पाऊल ठेवलं तेव्हा चार वाजत आले होते. आईच्या गुडघ्यांसाठी गाडी वर नेली होती, आणि त्या गाडीपायीच तिला घाट चढावा लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख मी लिहिला नसता.

रविवारी दुपारी आईला आणि मुलांना नाक्यावर बरोबर आलेल्या माझ्या भावाजवळ बसवलं आणि गाडी आणायला मी एकटीच उतरत होते. मागून सायरन ऐकू आला. माथेरानात ज्या मोजक्या वाहनांना मुभा आहे, त्यांत रुग्णवाहिका आहे. ती रुग्ण घेऊन खाली निघाली होती. खालून गाड्यांची रांग वर येत होती. एरवी त्या घाटात दोन गाड्या एकमेकींना सांभाळून जातात, पण कडेला लावलेल्या गाड्यांमुळे रस्ता एकाच गाडीपुरता उरला होता. रुग्णवाहिका ज्या वळणावर अडली, ते माझं वळण होतं.

मी धावले. गाडी सुरू केली, पण डावं मागचं चाक गटारात घसरलं होतं. ते जागच्या जागी फिरू लागलं. टॅक्सीवाले उतरून आले. दोघांनी वर येणाऱ्या गाड्या एकेक करून मागे घ्यायला लावल्या, बाकीच्यांनी माझी गाडी मागून उचलून काठावर आणली. मी पुढे काढली, रस्ता मोकळा झाला. यात अकरा मिनिटं गेली. घड्याळ मी सारखं बघत होते, म्हणून आकडा लक्षात आहे. आत कोण होतं ते मला दिसलं नाही. काचेला लावलेला एक हात तेवढा दिसला. पुढे त्या माणसाचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

गाडी उचलणाऱ्यांतले एक वयस्कर गृहस्थ मला रागावले नाहीत. ते म्हणाले, “ताई, आमचं सगळं याच रस्त्यानं येतं. दूध, भाजी, गॅस, औषधं. दुसरा रस्ता न्हाई आमाला.”

माथेरानची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत होती. एवढ्या लहान गावाची सगळी ये-जा या एका घाटावर अवलंबून आहे. मिनीट्रेन १९०७ पासून आहे, पण पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा तिचा टप्पा बंद असतो. तेव्हा उरतो तो रस्ताच. सुट्टीच्या दिवशी आपण दोन दिवसांसाठी येतो आणि त्या गावाचा गळाच आवळून धरतो. वाहनतळ मोठा का करत नाहीत, असं त्या शनिवारी रांगेतले अनेक जण विचारत होते. मीही विचारत होते. पण दस्तुरीच्या सभोवती जंगल आहे, आणि हा सगळा परिसर २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे. तिथली लाल माती झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली आहे. गाड्यांसाठी झाडं तोडली, तर ज्या सावलीसाठी आपण वर जातो तीच राहणार नाही. जागा मर्यादित आहे आणि ती तशीच राहायला हवी. बदलायचं ते आपल्याला.

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावातही बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे. पण तिथे गाड्या पाच किलोमीटर खाली, टेश गावीच थांबतात आणि पुढे बहुतेक जण रेल्वेने जातात. आपल्याकडे गाड्या घाट चढून वर आल्यावर अडतात. त्यामुळे आपला ‘टेश’ आपणच ठरवायला हवा. तो म्हणजे नेरळ. त्या दिवसानंतर काही गोष्टी मी कटाक्षाने पाळते आणि सगळ्यांना सांगते.

पहिली गोष्ट दिवसाची. शनिवार, रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी आणि जुलै-ऑगस्टमधले पावसाळी शनिवार-रविवार, या दिवशी गाडी वर न्यायचा विचारच करू नये. सोमवार ते गुरुवार जमत असेल, तर तेच दिवस धरावेत. सुट्टीच्याच दिवशी जाणं भाग असेल आणि गाडी न्यायचीच असेल, तर सकाळी आठच्या आत दस्तुरी गाठावी. दहानंतर नेरळला पोहोचलात, तर त्या दिवशी वर जागा नाही असंच समजून पुढचं ठरवावं.

दुसरी गोष्ट, खोली ठरवताना त्याच फोनवर गाडीचंही विचारावं. ‘त्या दिवशी दस्तुरीला जागा मिळते का? नाही तर नेरळला कुठे ठेवावी?’ हॉटेलवाल्यांना हे रोज दिसत असतं आणि ते खरं सांगतात. नेरळ स्टेशनाच्या आसपास पैसे देऊन गाडी ठेवता येते. गाडी ठेवताना पावती घ्यावी, तीवर तारीख, वेळ आणि रात्रीचा आकार लिहून घ्यावा, किल्ली कुणाच्या हाती देऊ नये. गाडीच्या आतबाहेरचे दोन-चार फोटो काढून ठेवावेत.

तिसरी आणि सगळ्यांत सोपी वाट म्हणजे गाडी घरीच ठेवणं. मुंबई-ठाण्याहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकल नेरळला थांबतात. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून लोकलने नेरळ गाठावं. तिथून शेअर टॅक्सी दस्तुरीपर्यंत सोडते. बरोबर वृद्ध माणूस किंवा लहान मूल असेल तर हीच वाट धरावी. टॅक्सी नाक्यावर उतरवते आणि परत जाते. जागा शोधायचा प्रश्नच तिला पडत नाही.

चौथी गोष्ट, वर जागा नाही असं कळलं तर पहिल्या सुरक्षित जागी गाडी वळवून खाली यावं. आलोच आहोत तर पुढे जाऊन बघू, हा मोह तिथे घातक ठरतो. घाटात, वळणावर, गटारावर किंवा कठड्यालगत गाडी कधीही लावू नये, पुढे पन्नास जणांनी लावलेल्या असल्या तरी. गटार हे पावसाचं पाणी रस्त्यावरून काढून देण्यासाठी आहे. ते चाकाखाली दबलं की पाणी रस्त्यावर येतं आणि घाट खचायला लागतो. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, तेव्हा उतरताना थांबायची तयारी ठेवावी. सायरन ऐकू आला की मात्र सगळ्यांनीच बाजूला व्हावं.

पाचवी, रांगेत अडकलातच तर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरू नये. हँडब्रेक ओढावा, गिअर काढावा, रांग हलली की मग पहिल्या गिअरमध्ये निघावं. वर जागा मिळाली तर गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा, चाकामागे दगड लावावा. आत खाण्याचं काही दिसेल असं ठेवू नये, तिथली माकडं काचेची फट सोडत नाहीत.

आणि शेवटची, नाक्यावर कुणी सांगितलं की ट्रेन बंद आहे, चालायला रस्ता नाही, घोड्याशिवाय जाताच येणार नाही, तर घाई करू नये. अमन लॉज स्टेशन तिथून काही मिनिटांवर आहे. स्वतः चालत जाऊन खिडकीवर विचारावं, दरफलक वाचावा, मग ठरवावं. घोडेवाले, हमाल, रिक्षावाले यांचं पोट या गावावर आहे. त्यांचं भाडं आधी ठरवून आदराने द्यावं.

हे फक्त माथेरानपुरतं नाही. महाबळेश्वरची बाजारपेठ, लोणावळ्याचं भुशी धरण, गणपतीपुळ्याचा देवळाजवळचा रस्ता, सगळीकडे हाच प्रसंग उभा राहतो. ठिकाण लहान आणि रस्ता एक असेल, तर गाडी कुठे थांबवायची ते घरून निघतानाच ठरलेलं असावं. शेवटच्या वळणावर पोहोचल्यावर ठरवण्यासारखं काही उरत नाही.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी आईला पुन्हा घेऊन गेले. पुणे ते कर्जत रेल्वे, लोकलने नेरळ, मग टॅक्सी. अर्ध्या तासाच्या आत आम्ही दस्तुरीला होतो आणि जेवणाच्या वेळेआधी खोलीत. घाट चढताना ते वळण आलं तेव्हा मी चालकाला गाडी जरा हळू घ्यायला सांगितलं. परतीचा पाऊस नुकताच पडून गेला होता. कडेला एकही गाडी नव्हती, आणि गटारातून लाल पाणी खळखळत खाली चाललं होतं.