जलद हृदयगती : तपासणीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा शास्त्रीय लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम मधुमेहावर लिहावे असे मनात होते. परंतु त्या विषयावर माझ्याहून अधिक अधिकाराने लिहिणारे आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. एका विषयावर मात्र माझा अधिकार दुहेरी आहे. देवास गेटला, बसस्थानकाजवळच्या गल्लीत दवाखाना चालवताना 'छातीत धडधडते' ही तक्रार मी तीस वर्षांहून अधिक काळ ऐकत आले. आणि त्यांतील बहुतेक वर्षे तीच धडधड माझ्या स्वतःच्या छातीतही होती. २०१७ च्या जानेवारीत मी तिच्यासाठी कॅथेटर ॲब्लेशन करून घेतले. समव्यवसायी मित्रांना या लेखातील काही भाग बाळबोध वाटेल. तो समाजातील इतर वाचकांसाठी आहे असे समजून त्यांनी पुढे जावे.

पहिला झटका १९८६ साली, इंटर्नशिप चालू असताना आला. वॉर्डात उभी होते. कोणीतरी कळ दाबावी तसे हृदय एकाएकी धावू लागले. मानेत ठोके उडत होते, नाडी मोजता येत नव्हती. वीसएक मिनिटांनी, तितक्याच एकाएकी, सारे थांबले. पुढच्या तासाभरात तीन वेळा लघवीला जावे लागले. ईसीजी काढेपर्यंत हृदय पूर्ववत झाले होते आणि आलेख निर्दोष आला. वरिष्ठांनी तो पाहिला आणि म्हणाले, "मुलींना असे होतेच. जा, झोप घे." मी झोप घेतली. त्यानंतर वर्षातून दोनतीनदा हा पाहुणा येत राहिला.

आज त्या वर्णनात निदान लख्ख दिसते. एकाएकी सुरुवात, एकाएकी शेवट, मानेतील ठोके आणि नंतरची भरपूर लघवी. (वरच्या कप्प्यांवर ताण आला की तेथून स्रवणारे संप्रेरक लघवी वाढवते.) भीतीची धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. "सुरू कशी होते आणि बंद कशी होते?" हा एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. तो मला कोणी विचारला नाही, आणि खरे सांगायचे तर पुढे कित्येक वर्षे मीही तो माझ्या रुग्णांना विचारला नाही. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या प्रकारच्या जलद गतीचे १०७ रुग्ण तपासले होते. त्यांतील ६७ टक्के रुग्णांची लक्षणे 'पॅनिक डिसऑर्डर'च्या व्याख्येत बसत होती, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांचे खरे निदान पहिल्या तपासणीत निसटले होते. ज्यांचे निसटले त्यांत मनाच्या दुर्बलतेचा शिक्का पुरुषांपेक्षा स्त्रियांवर अधिक बसला होता.

आता थोडे शास्त्र. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश जाण्यासाठी निरोगी माणसात एकच दार असते, ते म्हणजे एव्ही नोड. सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने जर्मनीतील मारबुर्ग येथे काम करताना १९०६ साली त्याचे वर्णन केले. काही जणांत या दाराकडे येणाऱ्या वाटा दोन असतात. जलद वाटेने संदेश लवकर पोहोचतो, पण एकदा वापरल्यावर ती पुन्हा खुली व्हायला वेळ घेते. मंद वाट लांबची, पण लवकर खुली होते. सिंहस्थात पोलीस जवळचा रस्ता थोडा वेळ बंद करतात, हे आपण उज्जैनकर जाणतोच. एखादा रिक्षावाला लांबच्या रस्त्याने वळसा घालून येतो, तोवर जवळचा रस्ता खुला झालेला असतो. त्याच रस्त्याने तो उलट निघतो, पुन्हा लांबच्या रस्त्याला लागतो आणि गोल गोल फिरत राहतो. अवेळी पडलेल्या एका ठोक्याचे असेच होते. प्रत्येक फेरीला हृदयाचा एक ठोका, आणि मिनिटाला अशा १८०-२०० फेऱ्या. या प्रकाराला एव्ही नोडल रीएंट्रंट टॅकिकार्डिया म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. दुसरा प्रकार वोल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये वर्णन केलेला. त्यात एव्ही नोडला वळसा घालून जाणारा एक जादा स्नायुतंतू जन्मतःच असतो, आणि त्याची खूण झटका नसतानाही ईसीजीत दिसू शकते. या दुसऱ्या प्रकाराकडे मला शेवटी परत यायचे आहे.

निदानाची शंका मला स्वतःला चाळिशीच्या आसपास आली होती. तरीही मी उपचार टाळला. त्याचे कारण सांगताना संकोच वाटतो: माझे ज्ञान विद्यार्थिदशेतच थांबले होते. हृदयातील जादा तंतू शस्त्रक्रियेने कापण्याची सुरुवात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९६८ साली झाली, छाती उघडून. १९८२ मध्ये मेल्विन शाइनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅथेटरमधून विजेचा जोरदार झटका देऊन एव्ही नोडचे वहनच तोडून दाखवले. धडधड थांबे, पण रुग्णाला आजन्म पेसमेकर लागे. आम्ही शिकलो ते एवढेच. पुढे रेडिओलहरींची नियंत्रित उष्णता आली, आणि १९९२ मध्ये जॅकमन व सहकाऱ्यांनी जलद वाटेला आणि नोडला हात न लावता केवळ मंद वाट भाजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या सगळ्याचा मला गंधही नव्हता असे नाही. पण 'ॲब्लेशन म्हणजे पेसमेकर' हे समीकरण डोक्यातून जात नव्हते. आजच्या आकड्यांप्रमाणे या प्रकारात शंभरांतील पंच्याण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात, आणि एव्ही नोडला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका एक टक्क्याहून कमी आहे. वारंवार त्रास होणाऱ्यांना हा उपचार आरंभीच सुचवावा, असे युरोपीय हृदयरोग संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

२०१६ च्या सिंहस्थात, मे महिन्यातील एका दुपारी, दवाखाना यात्रेकरूंनी भरलेला असताना झटका आला. आमच्या कंपाउंडरने मला आतल्या टेबलावर आडवे केले आणि न सांगता ईसीजी लावला. तीस वर्षांत पहिल्यांदा चोर रंगेहाथ सापडला. गती १९२, नियमित, क्यूआरएस अरुंद, आणि व्ही-१ मध्ये शेवटी एक खोटा लहानसा उंचवटा. शेजारच्या गल्लीतील डॉक्टर स्नेही धावत आले. त्यांनी कोपराच्या शिरेतून सहा मिलिग्राम ॲडेनोसिन झटक्यात दिले आणि मागोमाग २० मिलिलिटर सलाइन. पुढच्या काही सेकंदांचे वर्णन रुग्ण 'आता संपले' असे करतात. ते अक्षरशः तसेच असते, म्हणून औषध देण्याआधी रुग्णाला त्याची कल्पना द्यावी. मित्रांना आणखी एक विनंती : त्या वेळी ईसीजीची पट्टी चालू ठेवा. पट्टीवाचून दिलेले ॲडेनोसिन म्हणजे निम्मे निदान वाया.

घरी सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे काळजाला डाग देणार?" मी हसले, पण शब्द अचूक होता. न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या सळईचे डाग घेऊन येणाऱ्या आयांना मी जन्मभर रागावत आले, आणि आता स्वतः डाग घ्यायला निघाले होते. सुश्रुताने सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांचे समाधान झाले. माझे व्हायला अजून अवकाश होता.

तयारी फारशी अवघड नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या, इकोकार्डिओग्राम, सहा तास उपाशीपोटी राहणे आणि दोन्ही जांघांची स्वच्छता. मधुमेहाच्या गोळ्या व रक्त पातळ करणारी औषधे यांविषयी आधीच विचारावे, आपल्या मनाने थांबवू नयेत. झटक्याच्या वेळचा मूळ ईसीजी बरोबर न्यावा. तज्ज्ञाला त्याहून मोलाचा कागद दुसरा नाही. कठीण भाग एकच. गती रोखणारे औषध काही दिवस आधी बंद करावे लागते, नाहीतर टेबलावर झटका निर्माणच होत नाही. माझे मेटोप्रोलॉल पाच दिवस आधी थांबवले.

त्याचा परिणाम अवंतिका एक्सप्रेसमध्येच दिसला. मुंबईला निघालो होतो, रतलाम मागे पडले आणि धडधड सुरू झाली. यजमान घाबरले. मी मात्र २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली सुधारित वाल्साल्वा पद्धत पाठ करून गेले होते. अर्धवट बसून दहा मिलिलिटरच्या सिरिंजच्या तोंडातून दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचे. लगेच उताणे पडायचे आणि दुसऱ्याने दोन्ही पाय ४५ अंश उचलून १५ सेकंद धरायचे. जुन्या पद्धतीने १७ टक्के रुग्णांची गती पूर्ववत झाली होती, या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची. यजमानांनी माझे पाय धरलेले पाहून समोरच्या बाकावरील आजींनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या प्रयत्नात धडधड थांबली.

मुंबईतील तज्ज्ञ वयाने माझ्या मुलाएवढे. कॅथलॅब थंडगार होती. मला दोन पांघरुणे मागून घ्यावी लागली. जांघेत भूल दिल्याची टोचणी जाणवली, नंतर केवळ दाब. शिरेतून बारीक तारा हृदयात पोहोचल्या त्या कळल्याही नाहीत. झोपेचे औषध अगदी थोडे देतात, कारण गाढ झोपेत झटका सुरू करणे अवघड जाते. मग ते म्हणाले, "मॅडम, आता तुमची धडधड आम्ही सुरू करणार आहोत." पडद्यामागे कोणीतरी आकडे बोलले आणि ती सुरू झाली. तीच, मानेत उडणारी. पुन्हा आकडे, आणि ती बंद झाली. जिच्या भीतीने मी एकटीने गाडी चालवणे सोडले होते, लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची धरून बसत होते, ती माझ्या देखत तीन वेळा हुकमाने आली आणि हुकमाने गेली. माझ्या डोळ्यांना पाणी आले. परिचारिकेला वाटले, दुखते आहे.

मंद वाट कॉकच्या त्रिकोणात, कोरोनरी सायनसच्या मुखापाशी असते, आणि त्याच त्रिकोणाच्या शिखराशी हिसचा गठ्ठा. मधले अंतर मिलिमीटरांत मोजायचे. म्हणून "हलू नका, खोल श्वास घेऊ नका" अशी ताकीद. कॅथेटरचे टोक ५० ते ६० अंशांपर्यंत तापते. मला छातीत वर, गळ्याशी, कोमट जळजळ जाणवली. भाजताना नोडजवळून संथ ठोके निघू लागले की जागा बरोबर साधली असे समजतात. दोनदा भाजले, अर्धा तास थांबले आणि औषध देऊन पुन्हा झटका आणण्याचा प्रयत्न केला. आला नाही.

नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहणे, हीच खरी शिक्षा. जांघेत जांभळा डाग पंधरा दिवस होता. रक्तस्राव, शिरेत गुठळी, क्वचित हृदयाच्या आवरणात रक्त साचणे हे धोके दुर्मिळ, पण संमतिपत्र वाचून सही करावी. पुढचे दोनतीन महिने मधूनच एखादा ठोका चुके आणि मी श्वास रोखून वाट पाही. हे बहुतेकांना होते. त्याचा अर्थ रोग परतला असा नाही. थोड्या रुग्णांत तो खरोखर परततो, तेव्हा पुन्हा भाजता येते.

मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "माझ्या एट्रियल फिब्रिलेशनलाही असेच एका खेपेत बरे वाटेल का?" इतके सोपे नाही. तेथे फुप्फुसशिरांच्या मुखांभोवती वहन तोडावे लागते, पुनरावृत्ती अधिक होते, आणि लकव्याचा धोका असलेल्यांचे रक्त पातळ करणारे औषध पुढेही चालूच राहते. शब्द एकच असला तरी व्याधी वेगळी.

मुंबईहून परतल्यावर मी जुन्या फायली काढल्या. 'घबराहट' असा शेरा मारून शांत झोपेची गोळी दिलेल्या ज्या रुग्णांचा पत्ता लागला त्यांना बोलावले. त्यांत तराण्याकडून बसने येणारी एक शिक्षिका होती. २००९ मधला तिचा ईसीजी माझ्याच फाइलीत होता, झटका नसतानाचा. पीआरचे अंतर तोकडे, आणि क्यूआरएसची सुरुवात तिरकी, ओघळलेली. वोल्फ-पार्किन्सन-व्हाइटची ठळक खूण. खाली माझ्या अक्षरात 'नॉर्मल'. अशा रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन झाले तर जादा तंतूमधून गती इतकी वाढू शकते की प्राणावर बेतते, आणि त्या वेळी वेरापामिलसारखे औषध घातक ठरते. आठ वर्षे ती हा तंतू घेऊन देवास गेटपर्यंत येत-जात होती. वर्गात पडेन या भीतीने तिने मधल्या काळात नोकरी सोडली होती.

तिचे ॲब्लेशन इंदूरला झाले. महिन्याभराने पेढे घेऊन आली आणि बसता बसता तिने विचारले, "फिर वो गोली किस बात की थी, मैडमजी?" मी तिला २००९ चा कागद दाखवला, त्यात काय दिसत होते ते बोट ठेवून सांगितले, आणि खालचे माझे अक्षरही दाखवले. तिने तो कागद मागून घेतला. आता तो तिच्याकडे आहे.