मुरमाच्या रस्त्याची वेळीच डागडुजी

बारामतीहून भिगवणकडे जाणाऱ्या मार्गावरील औद्योगिक वसाहतीत शिरले म्हणजे मुख्य रस्ते डांबरी दिसतात. परंतु त्या रस्त्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत, फाटकापासून गोदामाच्या दारापर्यंत, किंवा जवळच्या वाडीवस्तीपासून शाळेच्या पायरीपर्यंत जाणारा अखेरचा तुकडा पुष्कळ ठिकाणी मुरमाचा अथवा खडीचा असतो. औद्योगिक वसाहतीचे रस्ते १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ पाहते. गावरस्त्यांकडे त्याच वर्षी १ मे रोजी अस्तित्वात आलेली जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत लक्ष देतात. अखेरच्या तुकड्याला मात्र बहुधा कोणी वाली नसतो. तो सर्वांच्या पायांखालचा असतो, आणि म्हणूनच कोणाच्याही लक्षात राहत नाही. दुधाची किटली कलंडली, थोरल्या भावाच्या सायकलीवर मागे बसलेले मूल पडले, किंवा बाळंतिणीला न्यावयास आलेली गाडी चिखलात रुतली, म्हणजे त्याची आठवण होते. तोपर्यंत दोन घमेल्यांचे काम ट्रॉलीभर मुरमाचे झालेले असते.

मुरूम ही दख्खनच्या पठाराची देणगी होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले व त्यांपासून काळा पाषाण बनला. ऊन, पाऊस आणि हवा यांच्यामुळे हा पाषाण वरून कुजत, भुगा होत जातो. पूर्ण दगड नाही आणि पूर्ण मातीही नाही, अशी जी त्याची मधली अवस्था, ती मुरूम. माळावर तो उघडाच दिसतो. विहीर खणताना काळ्या मातीखाली लागतो. त्यात खडे असतात, बारीक रेव असते आणि थोडी चिकट मातीही असते. खडे भार सोसतात व माती त्यांना बांधून ठेवते. माती कमी असली तर खडे सुटून चाकाखाली उडतात. अधिक असली तर पहिल्याच पावसात राड होते. म्हणून मुरूम निवडतानाच तो पारखून घ्यावा. थोडा मुरूम ओला करून मुठीत दाबावा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला, पण हाताला चिखल लागला नाही, तर तो रस्त्याच्या कामाचा समजावा. वर्गात हाच प्रयोग काचेच्या बरणीत करता येतो. बरणीत मुरूम व पाणी घालून हलवावे आणि ती स्थिर ठेवावी. खडे लगेच तळाशी बसतात, त्यावर रेव बसते, आणि माती सर्वांत शेवटी. दुसऱ्या दिवशी तिन्ही थर मुलांना पट्टीने मोजता येतात.

रस्ता चाकांमुळे बिघडतो अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कोरड्या, घट्ट मुरमावरून जड गाडीही फारसे नुकसान न करता जाते. तोच मुरूम खालून भिजलेला असला तर हलकी गाडीही त्याला दाबून टाकते. बारामती व इंदापूर तालुक्यांच्या बागायती भागात मुरमाच्या थराखाली पुष्कळदा काळी जमीन असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी मिळताच ती फुगून लोण्यासारखी मऊ होते. वरचा थर कितीही चांगला घातला तरी खालची माती भिजली की तो खचणारच.

ही गोष्ट स्कॉटलंडमधील जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) याने युरोपातील रस्ते बांधणाऱ्यांना पटवून दिली. १८१६ मध्ये ब्रिस्टल येथील रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली. त्यापूर्वी रस्त्याच्या तळाशी मोठमोठे दगड रचण्याकडे कल असे. मॅकॅडमचे म्हणणे असे की, भार शेवटी मूळची जमीनच वाहते. ती कोरडी राहिली पाहिजे, आणि वरची खडी हे तिचे छप्पर आहे. वरच्या थराची खडी सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड नसावी असा त्याचा दंडक होता. छपराची उपमा मुलांना चटकन समजते. घराच्या छपरावर पाणी साचू दिले जात नाही, मग रस्त्यावर का द्यावे? यासाठी मुरमाच्या रस्त्याची पाठ मध्यभागी उंच ठेवून दोन्ही बाजूंस मीटरला सुमारे चार सेंटिमीटर उतार देतात. तीन मीटर रुंदीच्या वाटेचा मध्य कडांपेक्षा सहा सेंटिमीटर उंच हवा. हे तपासण्यास यंत्र लागत नाही. दोन्ही कडांना सारख्या उंचीच्या खुंट्या रोवून दोरी ताणावी आणि मध्यभागी व कडेला दोरीपासून रस्त्याचे अंतर मोजावे.

आता खड्डा कसा जन्मतो ते पाहू. एखादा खडा सुटतो व तेथे बशीएवढा खोलगट भाग राहतो. पावसाचे पाणी त्यात थांबते. चाक त्यावरून गेले की पाणी बाजूला उडते आणि जाताना बारीक माती घेऊन जाते. बांधून ठेवणारी मातीच गेल्यामुळे भोवतालचे खडे सुटतात व बशीची परात होते. पाणी आता खालच्या जमिनीपर्यंत मुरू लागते. परातीची डबकी झाली म्हणजे गाडीवान ती चुकवण्यासाठी कडेने जातो. त्यामुळे कड मोडते व बाजूची चारी बुजते. चारी बुजली की सर्व पाणी रस्त्यावरून वाहू लागते. येथून पुढे नुकसानीचा वेग आवरत नाही. उताराच्या वाटेवर प्रथम बोटभर ओघळ दिसतो. तो तसाच राहू दिला तर त्याची घळ होते.

दुसरे नुकसान चाकोरीचे. पूर्वी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव एकाच रेषेत फिरून मुरूम कापीत असे. आज ऊसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तेच काम अधिक जोराने करतात. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या परिसरात हे कोणासही पाहता येईल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात पक्क्या रस्त्यांवर गाड्या फिरवून एक मोठी चाचणी घेण्यात आली. आसावरील भार दुप्पट झाला असता रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, तर सुमारे सोळापट होते, असे तीवरून दिसून आले. मुरमाच्या वाटेला हे गणित जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तरी औद्योगिक वसाहतीतील मालमोटारीच्या एका खेपेपुढे शंभर सायकली का काही नव्हेत, हे त्यावरून उमगते.

तिसरे कारण खास ह्या भागातले आहे व ते थोडे नाजूकही आहे. १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने ह्या मुलखाचे रूप पालटले. मात्र पाळी आली की पाणी रस्त्यापलीकडच्या शेतात नेण्यासाठी रात्रीतून रस्ता आडवा कापून पाट काढला जातो. सकाळी तो वरवर बुजवतात. ती भुसभुशीत पट्टी पुढच्या पाळीपर्यंत खचते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा चांगला रस्ताही भिजून जातो. भांडून हे थांबत नाही, कारण पिकाला पाणी हवेच असते. अशा जागी एकदाच पुरेशा खोलीवर नळ टाकून दिला तर शेतकरी, गाडीवान आणि शाळेतील मूल या तिघांचीही सोय होते.

डागडुजीत नेहमी होणारी चूक म्हणजे पाण्याने भरलेल्या खड्ड्यातच मुरूम ओतणे. कोणी विटांचे तुकडे टाकतो, कोणी बॉयलरची राख, कोणी शेतातले गोटे. गोटा तर सर्वांत वाईट. तो चाकाखाली डुलत राहतो व स्वतःभोवती नवा खड्डा पाडतो. योग्य रीत अशी. प्रथम चर काढून पाणी बाहेर सोडावे. नंतर चिखल व सुटे खडे काढून खाली घट्ट जमीन लागेपर्यंत खड्डा खणावा आणि कुदळीने त्याच्या कडा उभ्या कापून त्याला चौकोनी आकार द्यावा. चांगला भाग कापावयाचा म्हणजे अनेकांच्या जिवावर येते; पण उतरत्या कडेवर घातलेला मुरमाचा पातळ पापुद्रा चाकाखाली प्रथम निघतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. मग आत पाणी शिंपडून ओलसर मुरूम सात-आठ सेंटिमीटरच्या थराने घालावा व धुम्मसाने ठोकावा. धुम्मस उडी मारल्यासारखे परत येऊ लागले म्हणजे तो थर बसला असे समजून दुसरा घालावा. एकदम खड्डाभर मुरूम घालून वरून ठोकल्यास वरचा पापुद्राच घट्ट होतो व आत पोकळी राहते. शेवटचा थर भोवतालपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच ठेवावा, कारण चाके त्याला थोडा खाली नेतातच.

चाकोरीत नुसता मुरूम भरून भागत नाही. मधला व कडेचा उंचवटा खरवडून रस्त्याची पाठ पुन्हा घडवावी लागते. पत्र्याच्या पन्हळीसारख्या लाटा उमटल्या असतील तर लाटेच्या तळापर्यंत खणून मगच सपाटी करावी. ओघळ बुजवण्यापूर्वी वरून येणारे पाणी आडवा तिरकस उंचवटा घालून चारीत वळवावे. आणि एकच खड्डा तिसऱ्यांदा त्याच जागी पडला, तर दोष त्या खड्ड्यात नसतो. बुजलेली मोरी, शेजारच्या नळाची गळती, किंवा शाळेच्या पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्या यांपैकी काहीतरी तेथे सापडते. पागोळ्यांसाठी पन्हळ लावणे हीच त्या रस्त्याची खरी दुरुस्ती ठरते.

विलंबाची किंमत अंकगणिताच्या तासाला काढता येईल. एक मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर खोल खड्डा ०.१२ घनमीटर भरतो. तोच वाढून तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल झाला तर १.८ घनमीटर, म्हणजे पंधरापट. सुटा मुरूम ठोकल्यावर सुमारे एक चतुर्थांशाने बसतो असे धरल्यास पहिल्यास ०.१६ व दुसऱ्यास २.४ घनमीटर मुरूम लागेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. पहिला खड्डा चार माणसे सकाळच्या वेळात भरतील. दुसऱ्याला ट्रॅक्टर सांगावा लागेल.

आता वेळेविषयी. ही दुरुस्ती मे महिन्यात करण्याचा प्रघात आहे. परंतु त्या वेळी मुरूम हाडासारखा कोरडा असतो, आणि सुपे, मोरगाव, लोणी भापकर या जिरायती पट्ट्यात पिण्यास पाणी मिळण्याची मारामार, तेथे रस्त्यावर शिंपडावयास ते कोठून आणावे? ह्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस मुळात थोडा, आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. जून-जुलै कोरडे गेले म्हणून रस्ता सुखरूप समजणारा येथे फसतो. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस कऱ्हेला आलेल्या पुरामुळे बारामतीत काठच्या लोकांना घरे सोडावी लागली होती. परतीचा पाऊस संपला की जमिनीत व मुरमात आपसूक ओल असते. दिवाळीच्या आगेमागे, ऊसाच्या गाड्या सुरू होण्यापूर्वी केलेली डागडुजी थोड्या पाण्यात घट्ट बसते. उन्हाळ्यात मग केवळ चाऱ्या व मोऱ्या साफ करणे उरते, आणि तेही एप्रिलमध्येच उरकावे. २०२५ साली मेच्या अखेरच्या आठवड्यातच ह्या तालुक्यांत मुसळधार पाऊस कोसळला व बारामतीजवळ पिंपळी येथे नीरा डावा कालवा फुटला. जूनची वाट पाहणाऱ्यांच्या चाऱ्या तेव्हा बुजलेल्याच होत्या. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, म्हणून मुक्कामाच्या तळांवर आषाढीपूर्वी मुरूम पसरण्यात येतो. त्या निमित्ताने गावातील रस्त्यांकडेही लोकांची नजर वळते, हे चांगलेच. पण शाळेच्या वाटेने तोवर थांबू नये.

शाळेने यात काय करावे? मुलांना धुम्मस देऊ नये, रहदारीच्या रस्त्यावर अथवा मुरमाच्या खाणीत नेऊ नये. मुरूम हे गौण खनिज असून तो खणण्यास महसूल खात्याची परवानगी लागते, ही माहिती मात्र त्यांना द्यावी. मुलांचे काम पाहण्याचे व मोजण्याचे. रिमझिम पावसात शिक्षकांनी छत्र्या घेऊन मुलांना फाटकापासून पायरीपर्यंत चालवत न्यावे. पाणी कोठे थांबते, कोठून येते आणि कोठे जाते, हे रस्ता त्या वेळी स्वतः सांगतो. कोरड्या दिवशी तो मुका असतो. डबक्यांच्या जागी खुंट्या ठोकाव्यात व उघडीप मिळताच खेळाच्या मैदानावर वापरतात त्या फक्कीने त्यांच्या कडा आखाव्यात. मग लांबी, रुंदी व खोली वहीत लिहून ती नोंद मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीकडे पाठवावी.

स्वाध्याय : शाळेच्या वाटेचा आराखडा काढून तीवर पाणी वाहण्याची दिशा बाणांनी दाखवा. सर्वांत लहान खड्डा निवडून त्याचे माप दर पावसानंतर घ्या व तीन मापांचा स्तंभालेख काढा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर आपल्यापैकी कोण होते, त्या वेळी कोणता रस्ता झाला, आणि तो आज कसा आहे?