जाहिरात रोखली, भाडे कोण भरणार?

विणकाम, जुने कॅमेरे, टपाल तिकिटे अशा छंदापायी कोणी इंटरनेटवर संकेतस्थळ चालवतो. वाचकाला सारे फुकट. जागेचे भाडे आणि नावाची वार्षिक फी मात्र मालकाच्या खिशातून जाते. २००३ साली गूगलची ‘ॲडसेन्स’ योजना आली आणि अशांना जाहिरातीची थोडी मिळकत होऊ लागली. मेख अशी की, साधारण १०० डॉलर जमल्याखेरीज रक्कम हाती येत नाही.

२००६ मध्ये ‘ॲडब्लॉक प्लस’ आले. हे साधन ब्राउझरमध्ये बसवले की पान उघडते, जाहिरात मागवलीच जात नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन जाते, गल्ला कोराच! मोठे वृत्तपत्र वर्गणी लावते. छंदवाल्याची ती ताकद नसते, त्याचे १०० डॉलर लांबतच जातात.

वाचकाला दोष देणे आम्हाला पटत नाही. पाळत ठेवणाऱ्या, पानभर पसरणाऱ्या जाहिराती कोणाला हव्यात? त्यांतून घातक प्रोग्रॅम शिरल्याचेही प्रकार घडले आहेत. तेव्हा साधन राहू द्यावे, पण आवडत्या संकेतस्थळापुरते ते बंद करता येते, तेवढे करावे. देणगीची सोय असल्यास वर्षातून एकदा थेट रक्कम पाठवणे त्याहून बरे. त्यात जाहिरातवाल्याची दलाली नाही.

अमेरिकेतील ‘रॅव्हलरी’ हे विणकामाचे संकेतस्थळ २००७ पासून चालू आहे. तिथे लोकर विकणारे आणि विणकामाचे नमुने करणारेच जाहिरात देतात. आमच्या मते हा सौदा चोख आहे, कारण विणणाऱ्याला सूत लागतेच. आपल्या मालाशी जुळणारे असे छोटे संकेतस्थळ आढळल्यास व्यापारी बंधूंनी मालकालाच पत्र लिहून दर विचारावा.