पाच वर्षांची गोळी आणि अडकित्ता

प्रश्न : आमच्या आत्याबाई 64 वर्षांच्या आहेत. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर त्यांनी पाच वर्षं लेट्रोझोल घेतलं. आता डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलंय. पण परवा त्या उरलेल्या पट्टीतली गोळी अडकित्त्यानं अर्धी करून घेताना दिसल्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांची गोळी एकदम सोडली तर आजार उलटंल माय." गोळी हळूहळू कमी करायला हवी होती का? अंगातलं औषध किती दिवसांत जातं?
— एक सून, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : आत्याबाईंचा तर्क अगदीच हवेतला नाही. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतलं असेल तर ते पायरी-पायरीनंच सोडावं लागतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी काम सोडून बसतात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. बीपीच्या काही गोळ्याही एकदम सोडत नाहीत. गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि मग तोच नियम सगळ्या गोळ्यांना लागतो.

लेट्रोझोलचं तसं नाही. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, तरी चरबीत आणि स्नायूंत अरोमॅटेझ नावाचं एन्झाइम थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते. गोळी थांबली की इस्ट्रोजेन या वयात असायचं तेवढ्यावर येतं, वर उसळत नाही. त्यामुळे आधी अर्धी, मग दिवसाआड, असं काही करावं लागत नाही. रक्तातलं औषध साधारण दोन दिवसांत निम्मं होतं, दोन आठवड्यांत जवळजवळ संपतं. याच आजारावरची दुसरी गोळी, टॅमॉक्सिफेन, मात्र रेंगाळते. तिला पुरतं जायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून तरुण बाईनं ती थांबवल्या थांबवल्या दिवस राहू देऊ नयेत.

औषध संपलं म्हणून फायदा संपत नाही, हे आत्याबाईंना जरूर सांगा. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू गोळी सुरू केल्यापासून पंधरा वर्षांपर्यंत साधारण एक तृतीयांशानं कमी राहिले. लेट्रोझोलच्याच जातीच्या अ‍ॅनास्ट्रोझोलवरचा ऑस्ट्रियातला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांचे हार्मोन उपचार झालेल्या बायकांना आणखी दोन किंवा आणखी पाच वर्षं गोळी दिली. कॅन्सर परत येण्यात फरक पडला नाही, पण जास्त वर्षं घेणाऱ्यांची हाडं जास्त मोडली. काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेलेल्या काही जणींना डॉक्टर सात-दहा वर्षंही गोळी चालू ठेवतात, तेव्हा शेजारणीची गोळी का चालू आहे यावर वाद नको.

या गोळीनं सकाळी उठताना बोटं, गुडघे आखडत असतील तर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, ते सैल पडतील. सगळंच जाईल असं नाही. 64 व्या वर्षी गुडघ्याला स्वतःचीही कारणं असतात. हाडांची घनता एकदा तपासून घ्या. हाडांसाठी डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन चालू असेल तर ते मात्र मनानं बंद करू नका. ते नुसतं सोडून दिलं की मणके दबू शकतात.

वर्षाची मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडची तपासणी चालूच राहील. दर वेळी पेट स्कॅन काढायची गरज नाही. नवी गाठ, आठवडेच्या आठवडे न हटणारं हाडाचं दुखणं, दम लागणं, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका. गाठ दुखत नाही म्हणून बायका ती दाखवत नाहीत, ही आपल्याकडची जुनी खोड. बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीची माणसं 1987 पासून बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या खेड्यांत, लक्षण दिसलं की वेळेवर दाखवा, हेच समजावत फिरली.

राहिली डब्यातली पट्टी. ती काढून घ्या, पण आत्याबाईंना सांगून, जमलं तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्याच तोंडून वदवून. गुपचूप काढलीत तर पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या मेडिकलमधून नवी घेऊन येतील.